पोल-ब्रशने धुतलेल्या काचा वाळल्यावर ठिपके : दोष पाण्याचा की हाताचा?

चौथामजला :
पुण्यातली चार मजली सोसायटी, अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या. पाण्याचा पोल (नळीने ब्रशपर्यंत पाणी नेणारी लांब काठी) 10 मीटरचा, ब्रशला दोन जेट. पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 620 पीपीएम. घरगुती आरओतून काढून 200 लिटरच्या ड्रममध्ये साठवतो, तिथे मीटर 45 दाखवतो. ब्रश मारायचा, वरून पाणी सोडायचं, पुसायचं नाही, अशी पद्धत. तासाभराने काचभर बारीक पांढरे ठिपके दिसतात, शिवाय वरच्या पट्टीखालून तीन-चार उभे ओघळ. पश्चिमेच्या काचांवर जास्त. ड्रममध्ये झाकणभर शाम्पू टाकू का? की सॉफ्टनर बसवू?

रेझिनभाऊ :
शाम्पू नको. न पुसता वाळवायच्या पाण्यात काहीच नसावं लागतं, आणि तुम्ही त्यात भर घालायला निघालात. सॉफ्टनरही नको. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो. टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. डाग पुसायला सोपा होईल, पण पडेलच.

ठिपके आणि ओघळ हे दोन वेगळे आजार आहेत. आधी पाण्याचा निकाल लावा. एक आरसा स्वच्छ पुसून आडवा ठेवा, त्यावर पोलच्या ब्रशमधून निघालेल्या पाण्याचे पाच-सहा थेंब टाका आणि उन्हात वाळू द्या. थेंबाच्या जागी पांढरी किनार असलेलं वर्तुळ उरलं तर दोष पाण्याचा. काहीच उरलं नाही तर दोष धुण्याचा. ड्रममधलं पाणी तपासून भागत नाही, कारण नळीत आणि ड्रमच्या तळाशी बरंच काही साचलेलं असतं.

45 पीपीएम म्हणजे लिटरमागे 45 मिलिग्रॅम क्षार. प्यायला ते काहीच नाही, आपल्या मानकात 500 पर्यंत चालतं. काचेला मात्र 10 च्या खाली हवं. घरगुती मशीनमध्ये बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो पूर्ण बंद करा, मिनरल कार्ट्रिज असेल तर तेही काढा. मेम्ब्रेन (आरओतला गाळणारा पडदा) धड असेल तर 95 टक्के क्षार अडतात, म्हणजे 620 चे 30 च्या आसपास. उरलेले काढायला पुढे मिक्स्ड बेड डीआय रेझिनची (क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांची) बाटली लावा.

हिशोब असा : एक लिटर रेझिन ढोबळमानाने 25 ग्रॅम क्षार धरतं. 30 पीपीएमचं पाणी दिलंत तर 5 लिटर रेझिनमधून कागदावर 4000 लिटर निघतात, प्रत्यक्षात अडीच हजार धरा. तेच रेझिन थेट बोअरला लावलंत तर दोनशे लिटरही धड निघणार नाहीत. आरओ वगळून पैसे वाचवायला जाणारे इथेच फसतात.

आणखी एक. आरओ रात्रभर बंद राहिला की सुरुवातीच्या पाण्याचा टीडीएस चढलेला असतो. पहिली चार-पाच मिनिटं पाणी बादलीत सोडा, ते फरशीला वापरा.

गॅस्केट :
पाण्याबद्दल वर आलंच आहे. ओघळ पट्टीतून येतात. स्लायडिंगच्या वरच्या ट्रॅकमध्ये आणि रबरी पट्टीत धूळ दबून बसलेली असते. काच धुवून झाल्यावर ती मातकट होऊन सावकाश ठिबकते, दहा मिनिटांनीसुद्धा. म्हणून क्रम असा : आधी छज्ज्याची खालची कड आणि वरची फ्रेम घासून भरपूर पाण्याने धुवा. मग बाजूच्या फ्रेम. मच्छरदाणीची जाळी शक्यतो काढूनच ठेवा. त्यानंतर पट्टी निथळेपर्यंत पुढच्या दोन खिडक्यांच्या पट्ट्या घासा आणि मगच पहिल्या काचेकडे परत या. काच धुताना ब्रश वरच्या फ्रेमला पुन्हा लागता कामा नये. तिथे एक धक्का बसला की ओघळ आलाच.

शेवटचं पाणी कसं सोडायचं ते काच सांगते. पाणी चादरीसारखं पसरत असेल तर ब्रश काचेपासून बोटभर उचला आणि वरच्या कडेने डावीकडून उजवीकडे सरका. पाणी मोत्यांसारखं गोळा होत असेल (नवीन काच, सिलिकॉनचा हात लागलेली काच) तर ब्रश टेकलेलाच ठेवून खाली आणा, नाहीतर थेंब मधेच अडकून धुळीसकट वाळतात. अशा काचांना पंख्यासारखा फवारा देणारे जेट बरे. मिनिटाला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. घाई घासण्यात करा, निथळवण्यात नको.

पश्चिमेच्या काचा सकाळी धुवा. तापलेल्या काचेवर सुटलेला मळ पाणी सोडण्याआधीच वाळतो. वरचा मजला आधी, खालचा शेवटी. वर्षानुवर्षं लिक्विडने पुसलेल्या काचेला पहिल्या खेपेला दोनदा धुवावं लागतं, जुन्या साबणाचा थर एका धुण्यात निघत नाही.

कार्बनचा पोल असेल तर विजेच्या तारांपासून लांब. कार्बनमधून वीज वाहते, आणि कुठल्याही ओल्या पोलमधूनही.

रेझिनभाऊ :
क्रमाशी सहमत. एक पुरवणी : मीटर 5-7 दाखवू लागला की रेझिन बदला, 10 ची वाट पाहू नका. रेझिन संपत आलं की सिलिका (वाळूत असतं ते खनिज) सगळ्यात आधी निसटते आणि टीडीएस मीटरला ती जवळजवळ दिसतच नाही. आपल्याकडे बेसाल्टमधलं बोअरचं पाणी, त्यात सिलिका असतेच. आकडा चांगला आणि तरी ठिपके, याचं कारण बरेचदा हेच असतं.

चौथामजला :
आरशावर पाचही थेंबांना पांढरी कड आली. म्हणजे पाणीच. पण जुने ठिपके नवीन पाण्याने जातील?

गॅस्केट :
नाही. एका ठिपक्यावर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस पाच मिनिटं धरा. फेस येऊन किंवा विरघळून गेला तर कॅल्शियमचा होता. तेवढ्या काचा व्हिनेगरने पुसून लगेच भरपूर शुद्ध पाण्याने धुवा. अ‍ॅल्युमिनियमवर आणि ग्रॅनाइटच्या उंबऱ्यावर व्हिनेगर ओघळू देऊ नका, संगमरवर असेल तर तो वापरूच नका. ठिपका हललाच नाही आणि नखाला खरखर लागते, तर सिलिका बसली आहे किंवा काच खाल्ली गेली आहे. तिथे पॉलिशच लागेल, आणि तेही आधी एका कोपऱ्यात करून बघा. काचेवर रिफ्लेक्टिव्ह कोटिंग असेल तर त्या बाजूला पॉलिश लावूच नका.