मदत हवी आहे: इकॉनॉमिक्समध्ये डिग्री, दिल्ली की पुणे?

नमस्कार मंडळी, माझी भाची बारावी कॉमर्सला आहे (सांगली), मॅथ्स घेतलंय आणि मनापासून आवडतंही, तिला इकॉनॉमिक्सच करायचंय. दिल्ली युनिव्हर्सिटीचं बीए ऑनर्स बघतोय, तिथे सीयूईटी या प्रवेश परीक्षेत मॅथ्स द्यावंच लागतं आणि पहिल्याच वर्षी मायक्रोइकॉनॉमिक्ससोबत मॅथेमॅटिकल मेथड्सचा पेपर असतो. दुसरीकडे पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटचं बीएस्सी आहे, घराजवळ पडेल, आणि साधं बीए तर बऱ्याच कॉलेजांत आहे, पण त्यात गणित किती खोल शिकवतात हे ब्रोशर वाचून काही कळत नाही हो.

तिला पुढे एमए करून रिसर्चमध्ये जायचंय, म्हणून इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याचा विषय) नीट, म्हणजे सॉफ्टवेअरवर खरा डेटा घेऊन शिकवतात का हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. नातेवाईक म्हणतात बीएला स्कोप नाही, मला ते अजिबात पटत नाही.

यापैकी कुठे शिकलेलं कोणी आहे का? तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडावं की चौथं वर्ष करावं? आणि मराठी मीडियमच्या मुलीला दिल्लीत पहिली सेमिस्टर कितपत जड जाते, तेही प्लीज सांगा.