'मी टू' की 'मी नीदर'? नकाराला हो म्हणायचं कसं?

नवशिका_इंग्रजी: समोरचा 'आय लाइक रीडिंग' म्हणाला तर 'मी टू' म्हणायचं, इथपर्यंत ठीक. पण तो 'आय डोन्ट लाइक रीडिंग' म्हणाला आणि मलाही आवडत नसेल तर? तिथेही मी टूच ना? कोणी मी नीदर म्हणतं, कोणी नीदर डू आय, एका व्हिडिओत आय डोन्ट आयदर पण ऐकलं, आपलं मराठीत बरंय, दोन्हीकडे 'मी पण' म्हणून मोकळं. आणि सो डू आय असं उलटं का, सरळ सो आय डू का नाही?

व्याकरणवेडा: समोरच्याचं वाक्य बघ. होकारार्थी असेल तर सो, नकारार्थी असेल तर नीदर किंवा नॉर, मग त्याच्याच वाक्यातलं हेल्पिंग व्हर्ब आणि शेवटी आपण. 'आय कान्ट स्विम' ला 'नीदर कॅन आय', इथे परत कान्ट नको, नकार नीदरमधेच आला. हेल्पिंग व्हर्ब दिसतच नसेल तर डू, डझ, डिड काढायचं, म्हणजे 'आय सॉ इट' ला 'सो डिड आय'. काळ त्याचा, रूप मात्र आपल्या कर्त्याप्रमाणे, 'शी इज लेट' ला 'सो अ‍ॅम आय'.

नवशिका_इंग्रजी: ओके, मग आयदर कुठे बसतो?

उगाच_डोकावणारा: शेवटी, आणि नकार आधी वेगळा द्यायचा, 'आय डोन्ट आयदर'. 'आय डोन्ट नीदर' नको, डबल निगेटिव्ह होतं. गप्पांमधे मी नीदर पुरतं, अमेरिकन लोक मी आयदर पण म्हणतात पण पेपरात लिहू नकोस. नकारावर मी टू म्हटलंस तरी अर्थ पोचतो, फक्त कानाला खटकतं.

व्याकरणवेडा: एक मेख राहिली. नेव्हर, हार्डली असलेलं वाक्य नॉट नसूनही नकारार्थीच धरतात, म्हणून 'आय हार्डली एव्हर वॉच टीव्ही' ला 'नीदर डू आय'. उलट 'आय हेट इट' कितीही कडू वाटलं तरी वाक्य होकारार्थी, तिथे 'सो डू आय'. आणि सरळ क्रमाचं पण असतं बरं का, पण अर्थ वेगळा. 'यू हॅव ड्रॉप्ड युअर पेन' ला 'सो आय हॅव!', म्हणजे अरे हो की, खरंच पडलं!

रात्रपाळी: माझ्या मते खरा घोळ येस-नो चा आहे, सो-नीदर चुकलं तर फार काही बिघडत नाही. 'यू आर नॉट कमिंग टुमॉरो?' असं विचारलं की आपण 'हो, नाही येणार' च्या चालीवर येस म्हणून मोकळे होतो आणि समोरचा आपली वाट बघत बसतो. इंग्रजीत येणार नसशील तर 'नो, आय अ‍ॅम नॉट', येणार असशील तर 'येस, आय अ‍ॅम', प्रश्न कसा का विचारलेला असेना. नुसतं येस किंवा नुसतं नो म्हणून थांबू नकोस, पुढचे दोन शब्द जोडच.

नवशिका_इंग्रजी: हे भारी सांगितलंत. शेवटचं, 'आय हॅव अ बाइक' ला सो हॅव आय का?

व्याकरणवेडा: सो डू आय म्हण, तिथे हॅव मुख्य क्रियापद आहे. ब्रिटिश लोकांत सो हॅव आय पण चालतं, आणि समोरचा 'आय हॅव गॉट अ बाइक' म्हणाला असेल तर मात्र सो हॅव आय च.