नदीकाठचं ते उंच गवत: बोरू, नळ की देवनळ?

मुठेकाठची: सोसायटीमागून नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर झाडांच्या नावांच्या पाट्या लावायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. करंज, वाळुंज, उंबर मार्गी लागले. अडलंय पाण्यातल्या उंच गवतापाशी. दीड-दोन पुरुष उंच, पेरापेरांचं पोकळ कांडं, टोकाला तपकिरी झुबका. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीनं फ्रॅग्माइट्स कर्का असं नाव सांगितलं, गवत इथलंच आहे म्हणाली. इंग्रजी पाटीवर ‘रीड’ आहे. मी मराठीत ‘बोरू’ लिहिलं, तर कमिटीतले एक काका म्हणाले, बोरू म्हणजे लेखणी, गवत नव्हे; ‘देवनळ’ लिहा. काय लिहू? रंगारी परवा येतोय.

पेठकर: बोरूच. वाळकं कांडं घ्यायचं, चाकूनं टोकाला तिरका काप द्यायचा, मधोमध चीर पाडायची, की झाली लेखणी. देवनागरीचा काप रोमन लिपीच्या उलट्या बाजूला असतो, हे जाता जाता. गवताचं नाव लेखणीला मिळालं, त्यावरून बोरूबहाद्दर आले. काकांना सांगा, ‘बांबू’ म्हणजेही फक्त काठी नसते.

काळी_माती: आमच्या दौंडकडे बोरू म्हणाल तर ताग समजतील. पिवळ्या फुलांचा. पेरल्यावर दीड महिन्यात फुलोऱ्यावर येतो, तेव्हाच नांगरून गाडायचा, उत्तम हिरवळीचं खत. तुमची पाटी वाचून एखादा शेतकरी नदीत ताग कुणी लावला म्हणून विचारेल.

पेठकर: शेतकरी तुमच्या सोसायटीमागे फिरायला येणार?

काळी_माती: सोसायटी ज्या जमिनीवर आहे ती कुणाची होती?

गवत्या: भांडण नंतर, आधी ओळख पक्की करा. पान खोडाला जिथे मिळतं तो सांधा बघा. पानाचा रुंद तळ कानाच्या पाळीसारखा खोडाला वेढत असेल तर ते अरुंडो डोनॅक्स असू शकतं, लांबून अगदी जुळं दिसतं. खात्री हवी असेल तर तुऱ्यातला एक तुकडा भिंगाखाली धरा. रेशमी केस तुसाच्या पाठीवर असतील तर अरुंडो. तूस गुळगुळीत आणि केस आतल्या बारीक दांड्यावर असतील तर फ्रॅग्माइट्स. तुरा पांढराशुभ्र, पानं चिंचोळी आणि गवत पाण्याबाहेर वाळूत उभं असेल तर तो काश. आणि पाषाण तलावाकाठी जे दाट दिसतं ते पाणकणीस, त्याला पेरंच नसतात. ते गवताच्या कुळातलंसुद्धा नाही. फ्रॅग्माइट्सला संथ पाणी आणि पायाखाली गाळ लागतो. नदीची वळणं, तलावांचे काठ, कालव्याच्या पाझराच्या जागा, तिथे शोधा.

काळी_माती: काश हा उसाचा भाऊबंद बरं का. कोइमतूरला बार्बर आणि वेंकटरामन यांनी उसाचा काशाशी संकर करून को २०५ हा उसाचा वाण काढला, १९१८ साली. आज आपण जो ऊस तोडतो त्यात काशाचं रक्त आहे.

सह्यभटक्या: देवनळ तर अजिबात नको. सिंहगडाच्या उतारावर पावसानंतर जे माणसाहून उंच, पांढऱ्या फुलांच्या तुऱ्याचं झाड दिसतं ना, लोबेलिया, त्याला देवनळ म्हणतात. ढवळ, रानतंबाखू हीसुद्धा त्याचीच नावं. खोड पोकळ असतं, पोरं त्याची पिपाणी करतात. झाड विषारी आहे. पाटीवर देवनळ लिहून कुणी पोरानं तोंडात धरलं म्हणजे?

पेठकर: पाटीवरच्या झाडाला तोंड लावणारं पोर पुण्यात जन्मायचंय.

खोडरबर: सरळ ‘नळ’ लिहा. संस्कृतात नड, नल म्हणजे हेच पोकळ गवत. नलिका, नळी, नळकांडं सगळी त्याचीच लेकरं. पाण्याचा नळ तर फार उशिराचा.

मुठेकाठची: ‘नळ’ असं लिहून नदीकाठी पाटी लावली तर लोक तोटी शोधतील हो.

खोडरबर: शोधू देत. लोकांना सोपं जावं म्हणून शब्द टाकत गेलो तर उरेल फक्त ‘रीड’.

माळवी: इंदूरहून नमस्कार. आमच्याकडे लेखणीच्या गवताला बर्रू म्हणतात. भोपाळचे मूळ रहिवासी स्वतःला ‘बर्रूकट’ म्हणवतात, बर्रूचं रान कापून वस्ती केली म्हणून. हिंदीत बरू हे ज्वारीच्या जातीतल्या एका रानगवताचं नाव आहे. मला तर बोरू म्हणजे हाच बर्रू वाटतो. मग फ्रॅग्माइट्सचा संबंधच काय?

पेठकर: ज्वारीच्या जातीतलं म्हणजे आतून भुसभुशीत. त्याची लेखणी शाईत बुडवली की फुगेल.

माळवी: आजोबांनी आयुष्यभर त्यानंच लिहिलं. फुगली नाही.

पेठकर: आजोबांनी ते नदीतून कापून आणलं होतं की दुकानातून? आता अप्पा बळवंत चौकात बोरू मागा, बरेचदा हातात बांबू पडतो.

गवत्या: म्हणजे पेरांचं जे जे लेखणीजोगं, तो तो बोरू. मला हे पटतं. लोकांची नावं कामावरून पडतात, कुळावरून नाही.

खोडरबर: मग कोश कशाला छापायचे?

सह्यभटक्या: कोशात बघितलंय का कधी? ‘एक वनस्पतिविशेष’. झाली बोळवण.

मुठेकाठची: रंगारी उद्या येतोय. ‘नळ (बोरू)’ असं लिहू का? खाली शास्त्रीय नाव देवनागरीत.

पेठकर: कंसात कसला बोरू टाकताय! उलटं करा.

काळी_माती: बोरू टाकणार असाल तर ‘तागाचा नव्हे’ हेही टाका.

खोडरबर: दरम्यान एक शंका. पुढे कुणीतरी ‘बोरूने’ असं रूप वापरणारच आहे, म्हणून आधीच विचारतो. लाडू–लाडवाने, विंचू–विंचवाने, मग बोरू–बोरवाने का नाही?

पेठकर: कारण खडू–खडूने.

खोडरबर: खडवाने म्हणणारे मास्तर मला होते.

माळवी: आमच्याकडे खडूच नाही, चॉक.