तीन इंची की सहा इंची? रिव्हॉल्व्हरची नळी आणि नेम

टिळकवाडीकर

बेळगावात परवाना हातात पडला की माणूस पहिला प्रश्न विचारतो: नळी किती इंची घेऊ? बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा, प्रश्न नसतोच, सामान्य माणसाला बहुतेक वेळा बत्तीसच (.३२ इंच) मिळणार. मग दुकानात कोणीतरी जाणता भेटतो आणि सांगतो, "तीन इंचीची गोळी भरकटते, लांब नळीचीच घ्या." हे अर्धवट ज्ञान आहे, असं माझं मत. ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल भांडावं, पण आकडे घेऊन.

गोळी भरकटत नाही. नळीतले आटे तिला फिरकी देतात आणि ती फिरकी घ्यायला दोन-तीन इंच पुरतात. रिव्हॉल्व्हर शिकंज्यात घट्ट धरून, माणसाचा हात मधून काढून टाकला, तर चांगल्या बनावटीची आखूड नळीही लांब नळीच्या तोडीचा ग्रुप, म्हणजे कागदावर भोकांचा पुंजका, देते. लांब नळीत वेग थोडा जास्त मिळतो, हे खरं. पण दहा मीटरवर त्या वेगाने नेमात फरक पडत नाही.

फरक पडतो तो साईटच्या, म्हणजे नेम धरायच्या दोन खुणांच्या, अंतरात. मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचं अंतर तीन इंचीला साधारण १२० मिलिमीटर, सहा इंचीला २०० च्या आसपास. माशी खाचेत अर्धा मिलिमीटर बाजूला बसली, तर दहा मीटरवर तीन इंचीची गोळी ४२ मिलिमीटर सरकते आणि सहा इंचीची २५. म्हणजे ज्या फरकासाठी दुकानात तासभर वाद चालतो तो १७ मिलिमीटरचा.

त्यापेक्षा चापाकडं बघा. डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे घोडा आधी न चढवता थेट चाप ओढला, तर साडेचार ते पाच किलोचा जोर लागतो. हातातली वस्तू ७०० ग्रॅमची. स्वतःच्या वजनाच्या सहा-सात पट जोराने खेचलेली वस्तू जागेवर कशी राहील? घोडा चढवून मारलं की तोच जोर दीड-दोन किलोवर येतो, आणि त्याच माणसाचा ग्रुप त्याच नळीतून आवळतो. नळी बदलली नाही, बोट बदललं.

हिंडलग्याचे सुभेदार (निवृत्त)

टिळकवाडीकर, गणित बरोबर, निष्कर्ष चूक.

अर्धा मिलिमीटर हा आकडा रेंजवर शांत उभ्या असलेल्या माणसाचा. घाम फुटलेल्या, घाई झालेल्या माणसाची माशी सहज दीड मिलिमीटर सरकते. आता तुमचंच गणित पुढं चालवा. दहा मीटरवर तीन इंचीला १२५ मिलिमीटर, सहा इंचीला ७५. सतरावरून पन्नास झाले की नाही? चूक वाढत जाते तशी आखूड नळी शिक्षा वाढवत जाते. आणि आपल्याकडं परवाना घेणाऱ्यात चुका कमी करणारे किती?

दुसरं, नळी लांब म्हणजे पुढं वजन. पुढं वजन असलं की तोंड कमी उसळतं आणि दुसरी गोळी लवकर नेमावर येते. तुम्ही पहिल्याच गोळीचा हिशोब मांडलात.

तिसरं, वय. चाळिशी उलटली की जवळचं धुरकट दिसतं. माशी डोळ्यापासून दोन-तीन इंच लांब गेली तरी माझ्यासारख्याला ती रेखीव दिसते. हे तरुणांना कळणार नाही.

जांबोटीचा शेतकरी

माझं सरळ विचारणं. उसात नि भातात रानडुकरं शिरालीत. त्यांच्यासाठी कुठली नळी बरी, चार की सहा?

खानापूरची वकीलबाई

दादा, कुठलीच नाही. रिव्हॉल्व्हर त्या कामाचं हत्यारच नव्हे. जखमी डुक्कर अंगावर आलं तर तुम्हीच अडचणीत. पीक रक्षणाचा परवाना वेगळा असतो, आणि डुकरावर गोळी घालायला वनखात्याची परवानगी लागते. आधी नुकसानभरपाईचा अर्ज करा. पंचनामा होण्याआधी शेत साफ करू नका.

निपाणीचा नेमबाज

मी सुभेदारसाहेबांच्या बाजूचा, पण माझं कारण वेगळं.

दहा मीटरचा विषय दोघांनी धरून ठेवलाय. २५ मीटरला या. टिळकवाडीकरांची अर्ध्या मिलिमीटरची तीच चूक तिथं तीन इंचीला १०४ मिलिमीटर होते, सहा इंचीला ६२. सेंटर फायरच्या (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसून उडणाऱ्या गोळ्यांचा स्पर्धा-प्रकार) अचूकतेच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढची वर्तुळं प्रत्येकी २५ मिलिमीटर बाहेर सरकतात. म्हणजे सहा इंचीला आठ मिळतात आणि तीन इंची सहा-सातच्या रेषेवर लोंबकळते. साठ गोळ्यांच्या स्पर्धेत असा एकेक गुण गेला की तुम्ही यादीत शोधूनही सापडत नाही.

आणि मला हे सांगा, लांबीने काही होत नसेल तर नियम कशाला? २५ मीटरच्या प्रकारांत नळी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर आणि साईटचं अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. ज्याचा फायदा मिळतो त्यालाच मर्यादा घालावी लागते. जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत सेंटर फायरमध्ये ५९० मारून विश्वविक्रमाशी बरोबरी केली. आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ ला २५ मीटरमध्येच आशियाई सुवर्ण आणलं. दोघांचीही हत्यारं पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर नव्हेत. पण यातलं कोणी तीन इंची नळी घेऊन लाइनवर उभं राहिलं नाही.

टिळकवाडीकर

निपाणीकर, नियम अर्धाच वाचलात. त्याच नियमात सेंटर फायरच्या चापाचा जोर किमान १००० ग्रॅम हवा असंही आहे. तुमच्याच न्यायाने चाप हलका असण्याचाही फायदा मिळतो, म्हणून त्यालाही मर्यादा. किलोभर जोराचा चाप काढून पाच किलोचा बसवा आणि मग सहा इंची नळीवर ५९० काढून दाखवा.

लोक तुलना करतात तीसुद्धा खोटी असते. सहा इंची म्हणून जी हातात देतात तिची मागची साईट स्क्रूने फिरणारी, चाप मऊ, मूठ हाताला बसणारी. तीन इंचीची मागची साईट म्हणजे फ्रेमवर कोरलेली खाच. सगळे फायदे एका बाजूला टाकायचे आणि श्रेय नळीला द्यायचं.

सुभेदारसाहेब, तुमच्या फौजेचाच दाखला देतो. पहिल्या महायुद्धातलं वेब्ली मार्क सहा, बोअर .४५५, नळी सहा इंची. १९३२ ला त्याच्या जागी एनफिल्ड नंबर दोन आलं, बोअर .३८, नळी पाच इंची. नवख्या जवानाला ते जड वेब्ली आवरत नव्हतं, शिकवायला फार वेळ जात होता. फौजेने नळी वाढवली का? कमीच केली.

हिंडलग्याचे सुभेदार (निवृत्त)

दाखला माझ्याच बाजूने दिलात, आभारी आहे. धक्का कमी करायला बोअर लहान केलं. नळी मात्र पाचच्या खाली आणली नाही. रणगाड्यातल्या अडचणीच्या जागेसाठी पुढं घोड्याचं बोंडूक (अंगठ्याने मागं ओढायचं टोक) काढून टाकलं, कपड्यात अडकतं म्हणून. तरीही नळी पाच इंचीच ठेवली. जागा नसतानाही इंच सोडले नाहीत, याचा अर्थ काय घ्यायचा?

शहापूरकर

वादात एक गोष्ट राहिली. परवाना घेणारे नव्वद टक्के लोक ती वस्तू कपाटात ठेवतात आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला बाहेर काढतात. त्यांना दीड इंची दिली काय आणि दीड फुटी दिली काय. (नव्वद हा आकडा माझ्या रागाचा आहे, मोजलेला नाही.)

खानापूरची वकीलबाई

शहापूरकर, राग बरोबर जागी आहे. सराव करा म्हणून सगळे सांगतात, पण करायचा कुठं? गोळ्या परवान्यावर लिहिल्यात तेवढ्याच मिळणार. निपाणीकर म्हणतील कोल्हापूरला दुधाळीच्या रेंजवर या. पण परवान्यावर क्षेत्र "कर्नाटक" असेल तर हत्यार घेऊन कोगनोळी नाका ओलांडणं हा गुन्हा ठरू शकतो, मग पलीकडं तुमचे मामा-मावशी राहात असोत की सासुरवाडी. सीमेचा मोठा प्रश्न १९५६ पासून तसाच आहे. परवान्यापुरता तो अर्जाने सुटतो. शहरात पोलीस आयुक्तांकडं, तालुक्यात जिल्हाधिकाऱ्यांकडं क्षेत्र वाढवून मागा. आणि रेंज सोडून मळ्यात "जरा बघू या" म्हणून बार काढू नका, लग्नात तर मुळीच नाही. बेदरकारपणे किंवा आनंदात गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

टिळकवाडीकर

ताई, म्हणूनच मी चाप-चाप करतोय. चापाच्या सरावाला गोळी लागत नाही. सिलिंडर रिकामं करायचं, दोनदा तपासायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या, चेंबरमध्ये (सिलिंडरातल्या गोळीच्या भोकांत) डमी काडतुसं घालायची आणि भिंतीकडं तोंड करून माशी न हलवता चाप ओढायचा. कोगनोळी नाका मध्ये येत नाही.

उद्यमबागचा लेथवाला

तुम्ही सगळे नळी नि बोट धरून भांडालाय, मधलं सिलिंडर कोण बघणार?

पिस्तुलाला चेंबर एकच. रिव्हॉल्व्हरला सहा, आणि प्रत्येक चेंबर फिरून नळीसमोर नेमकं यायला पाहिजे. सिलिंडर आणि नळी यांच्यात मिलिमीटरचा दहावा-पाचवा भाग फट असतेच, गोळी ती उडी मारून नळीत शिरते. एखादं चेंबर केसभर बाजूला थांबलं की गोळी नळीच्या तोंडाला घासून आत जाणार आणि तिचा आकार बिघडणार. मग नळी तीन इंची असो की आठ, पुढचा ग्रुप फाटलाच. क्रँकशाफ्टच्या कामात आम्ही मायक्रॉन मोजतो, म्हणून सांगालोय.

"प्रबळ" रिव्हॉल्व्हर २०२३ ला कानपूरहून आलं तेव्हा ५० मीटरची जाहिरात झाली, बाकीच्यांच्या दुप्पट म्हणून. नळी किती? ७६ मिलिमीटर, म्हणजे तीन इंचच. लांबी न वाढवता पल्ला दुप्पट सांगतात, तर मग तो पल्ला आला कुठनं ते विचारा की. शिवाय गोळी ५० मीटर जाणं वेगळं आणि ५० मीटरवर नेम लागणं वेगळं.

ओळखायची युक्ती सोपी हाय. रेंजवर चेंबरना एक ते सहा नंबर द्या आणि प्रत्येक नंबरच्या गोळ्या वेगळ्या कागदावर मारा. पाच कागद सारखे आणि चौथा बाजूला दिसला, तर दोष तुमच्या हातात नाही, चौथ्या चेंबरात आहे. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडंच. माझ्याकडं लेथवर आणू नका, मी हात लावणार नाही.

निपाणीचा नेमबाज

हे पटलं. स्पर्धेच्या रिव्हॉल्व्हरला आम्ही असंच करतो आणि वाईट चेंबर रिकामं सोडतो. पाच गोळ्यांचीच मालिका असते, त्यामुळं अडत नाही. नळीबद्दल मात्र मी जागचा हललेलो नाही.

टिळकवाडीकर

लेथवाले, हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता असं म्हणणार नाही, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. नळीची लांबी यादीत तिसरी: चाप, सिलिंडर, मग नळी.

हिंडलग्याचे सुभेदार (निवृत्त)

चौथं चेंबर बाहेर मारतंय हे दिसणार कोणाला? ज्याच्या साईटमध्ये अंतर आहे त्याला. तीन इंचीवर चौथ्या चेंबरची चूक तुमच्या हाताच्या चुकीत मिसळून जाते, वेगळी काढताच येत नाही. यादी लावायची तर नळी आधी येते, तिच्याशिवाय बाकीचे दोन मोजता येणार नाहीत.

उद्यमबागचा लेथवाला

वाळूच्या पिशवीवर टेकवून मारा साहेब, तीन इंचीवरबी निघतंय वेगळं.

हिंडलग्याचे सुभेदार (निवृत्त)

पिशवीवर निघेल. कपाटाशेजारी पिशवी ठेवून कोणी झोपत नाही.