चागोस बेटं मॉरिशसला देणं हा न्याय की नुसता मालकबदल?

गलबत: मालदीवच्या दक्षिणेला साधारण 500 किलोमीटरवर चागोस बेटं आहेत. मे 2025 मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या. त्यानुसार सार्वभौमत्व मॉरिशसचं, पण दिएगो गार्सिया हे सर्वांत मोठं बेट अमेरिकी तळासह 99 वर्षं ब्रिटनच्याच ताब्यात. बदल्यात मॉरिशसला वर्षाला सरासरी 10 कोटी 10 लाख पौंड. वसाहतवाद संपला म्हणून टाळ्या वाजल्या. मला हे अजिबात पटत नाही, कारण ज्यांना त्या बेटांवरून हाकललं त्यांना वाटाघाटीत जागाच नव्हती.

ही माणसं फ्रेंच मळेवाल्यांनी मोझांबिक-मादागास्करहून आणलेल्या गुलामांची वंशज. नारळाच्या मळ्यांवर खोबरं काढत पिढ्या गेल्या. तळासाठी 1968 ते 1973 या काळात ब्रिटनने दीड-दोन हजार जणांना बाहेर काढलं. चागोसमधल्या पेरोस बान्योस बेटांवरच्या रिटा बांकूल यांच्या मुलीच्या पायावरून गाढवाच्या गाडीचं चाक गेलं, म्हणून 1968 मध्ये त्या तिला घेऊन मॉरिशसला उपचारासाठी आल्या. मुलगी वाचली नाही. परतीच्या बोटीची चौकशी केली तर उत्तर मिळालं, तुमचं बेट विकलं गेलंय. पुढे 1971 मध्ये दिएगो गार्सियावरचे लोकांचे पाळीव कुत्रे विषारी वायूने मारले.

सह्यकडा: अन्याय झाला, यात वादच नाही. पण तो केला ब्रिटनने, आणि तुमचा राग निघतोय मॉरिशसवर. 1965 आठवा. तेव्हा ब्रिटनची वसाहत असलेल्या मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी चालू असताना ब्रिटनने 30 लाख पौंडांवर चागोस तोडून घेतलं. मॉरिशसचे नेते रामगुलाम यांच्या भेटीआधी पंतप्रधान विल्सन यांना दिलेल्या टिपणात स्पष्ट लिहिलं होतं, की त्यांना आशा दाखवूनच घाबरवायचं: स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसवर अडून बसलात तर मिळणार नाही ही भीती. याला संमती म्हणायचं? 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 13 विरुद्ध 1 मताने सांगितलं की हे तोडणं बेकायदा होतं.

आणि बेटागणिक कौल घ्यायला लागलात तर काय होतं ते हिंदी महासागरातल्याच कोमोरोसला विचारा, ती फ्रान्सची वसाहत होती. 1974 च्या सार्वमतात एकूण कौल स्वातंत्र्याचा होता. मायोत बेटाचं बहुमत विरोधात गेलं, फ्रान्सने त्याचं मत वेगळं मोजलं आणि बेट ठेवून घेतलं. आज मायोत फ्रान्सचा प्रांत आहे.

गलबत: मायोतचे लोक निदान मायोतमध्ये होते, त्यांना मत तरी देता आलं. चागोसचे लोक मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या झोपड्यांत होते. ब्रिटनने त्यांच्यासाठी दिलेले साडेसहा लाख पौंड मॉरिशस सरकारकडे वर्षानुवर्षं पडून राहिले. लोकांच्या हातात पडेपर्यंत महागाईने त्यांची किंमत पार उतरली होती. दोन हजार किलोमीटरवरची बेटं मॉरिशसला जोडली तीही वसाहतीच्या कारभाराची सोय म्हणूनच.

निशिगंधा_पुणे: माझी नणंद मॉरिशसमध्ये असते, तिथल्याच मराठी कुटुंबात दिलेली. तिच्या सासरी यावर तावातावाने बोलतात. त्यांचं म्हणणं, डच येईपर्यंत मॉरिशसवर वस्तीच नव्हती, मग तिथे मूळचं कोण? 1834 नंतर आपली मराठी माणसंही ऊसमळ्यांवर करारावरच गेली. सगळेच आणलेले. त्यामुळे चागोसवाले वेगळे आणि आम्ही वेगळे, ही वाटणी त्यांना मान्य नाही. मला यात तथ्य वाटतं. आणि ‘चागोसचे लोक’ म्हणताना कोणते? पोर्ट लुईतल्या संघटनेचे नेते ऑलिव्हिए बांकूल, म्हणजे त्याच रिटांचे चिरंजीव, कराराच्या बाजूने आहेत. इंग्लंडात क्रॉलीला स्थायिक झालेल्यांपैकी बरेच जण विरोधात.

किनारपट्टी: भारताने 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांत मॉरिशसच्या बाजूने मत दिलं, ब्रिटनने चागोस सोडावं हा ठराव 116 विरुद्ध 6 ने झाला. ते योग्यच झालं. पण मॉरिशसच्याच अगालेगा बेटावर 2024 मध्ये आपण बांधलेल्या धावपट्टीचं उद्घाटन झालं, आणि तिथे जेमतेम तीनशे माणसं राहतात. त्यांचं काय होतं याकडे आपणही डोळ्यांत तेल घालून बघायला हवं.

गलबत: @निशिगंधा, दोन्ही गट असतील तर दोघांनाही विचारा, एवढंच म्हणतेय. दिएगो गार्सियात जन्मलेल्या दोन महिला कोर्टात गेल्या म्हणून सह्या काही तास अडल्या, तेवढाच काय तो त्यांचा आवाज. करारात चागोसच्या लोकांसाठी 4 कोटी पौंडांचा निधी आहे, पण तो चालवणार मॉरिशस. बाकीच्या बेटांवर वस्ती करायला मॉरिशस मोकळं आहे. ‘मोकळं आहे’ म्हणजे बंधन नाही. दिएगो गार्सियावर तर परतायची सोयच नाही.

सह्यकडा: निधीच्या कारभारात त्यांचं बहुमत हवं, हे मान्य. पण त्यासाठी बेटं ब्रिटनकडेच राहू द्यायची का? ज्यांनी 1966 च्या सरकारी टिपणात या लोकांना ‘टारझन’ आणि ‘मॅन फ्रायडे’ (रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीतला नोकर) म्हटलं, त्यांच्याकडे?

गलबत: नाही, ब्रिटनकडे नकोत. पेरोस बान्योस आणि सॅलोमन या चागोसच्याच बेटांवर पहिली घरं कधी उभी राहणार, याची तारीख मॉरिशसने लेखी द्यावी. ती दिली तर माझा विरोध मी मागे घेईन.