पिकअप घरचा की विकतचा? गिटार बनवणाऱ्याने कॉइल स्वतः गुंडाळावी का?

कोपरीकर:
मंडळी, वागळे इस्टेटमध्ये माझ्या एका मित्राचं छोटं वर्कशॉप आहे. ऑर्डरप्रमाणे इलेक्ट्रिक गिटार बनवून देतो. बॉडी कापणं, नेक घडवणं, फ्रेट बसवणं, पॉलिश, सगळं तिथेच होतं. पिकअप तेवढे विकतचे, गिऱ्हाइकाचा खिसा बघून कोरियन नाहीतर अमेरिकन. आता त्याला कॉइल वाइंडिंगचं मशीन घ्यायचंय आणि आम्हा मित्रांत दोन तट पडलेत. मी 'घे' म्हणणाऱ्यांतला.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज पहिल्यांदा विजेत उतरतो तो पिकअपमध्ये. चुंबक, त्याभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे; वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते. इथे जे निसटलं ते पुढचा कुठलाही अँप परत आणत नाही. मग गिटारचा कर्ता म्हणवणाऱ्याने नेमकी हीच वस्तू दुसऱ्याच्या खोक्यातून का काढावी?

इतिहास बघा. १९३१-३२ च्या सुमारास जॉर्ज बीचमने आधी पिकअप जमवला आणि मग त्याच्याभोवती वाद्य उभं केलं. तीच रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन'. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हंबकरच्या, म्हणजे गुणगुण मारणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपच्या, पेटंटचा अर्ज केला आणि १९५७ पासून तो गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर आला. फेंडरचे सिंगल कॉइल फेंडरच्याच कारखान्यात गुंडाळले जायचे. फेंडरची धार आणि गिब्सनचा भरीव सूर कुणीही डोळे मिटून ओळखतो. दोघांनी एकाच दुकानातून पिकअप आणले असते तर ही ओळख राहिली असती का?

आता तुटून पडा.

रबाळे रिले:
पडतो. माझं पोट कॉइलवरच चालतं, रिले आणि सोलेनॉइडच्या. त्यामुळे 'मशीन घेतलं की झालं' हे ऐकलं की हसू येतं.

पिकअपला बहुतेक ४२ गेजची अमेरिकन मापाची तार लागते, म्हणजे ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडचे तारवाले एसडब्ल्यूजीत, म्हणजे ब्रिटिश मापात बोलतात. जवळचं माप ४६ नंबर, ०.०६१ मिलिमीटर. फरक डोळ्यांना दिसणारही नाही, पण तेवढ्याच लांबीला रेझिस्टन्स आठेक टक्क्यांनी वाढतो. वरच्या इनॅमलचा थर जाड की पातळ, यावर वेढे किती दाट बसणार हे ठरतं. टेन्शन जरा जास्त झालं की तार ताणून आणखी बारीक होते नाहीतर तुटते. फेंडरच्या स्ट्रॅट गिटारच्या कॉइलला आठ हजारांच्या आसपास वेढे असतात, हंबकरच्या एकेका बॉबिनला पाचेक हजार. सात हजाराव्या वेढ्याला तार तुटली की सगळं भंगारात.

एक चांगला पिकअप कोणीही चिकाटीने बनवेल. पंचविसावा पहिल्यासारखा निघाला पाहिजे, आणि धंदा त्यावर चालतो. तुमच्या मित्राने तो वेळ नेक सुधारण्यात घालवावा. आपल्याकडच्या बहुतेक गिटारी नेकमध्येच मार खातात, पिकअपमध्ये नाही.

सहावी तार:
रबाळेंना +१, आणि वाजवणाऱ्याच्या बाजूने माझी भर. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो. गडकरी, घाणेकर, वाशीचं भावे, सगळीकडे. दिव्यांचे डिमर चालू झाले की सिंगल कॉइल ५० हर्ट्झवर अशी गुणगुणते की निवेदकसुद्धा वळून बघतो. मला उद्या पिकअप बदलायचा झाला तर ठरलेल्या मापाचा, ठरलेल्या चार वायरींचा, माहीत असलेल्या मॉडेलचा हवा. 'आमच्या वर्कशॉपचा खास' घेऊन मी करू काय? शिवाय गिटार विकताना ओएलएक्सवर 'सेमूर डंकन आहेत', म्हणजे त्या नावाजलेल्या कंपनीचे पिकअप, असं लिहिलं की फोन येतात. 'वागळे इस्टेट हँडवाउंड' लिहिलं तर प्रश्न येतील.

कोपरीकर:
प्रश्न येऊ देत की. ज्याच्या नावाने आज फोन येतात त्यालाही एकेकाळी कोणी ओळखत नव्हतं.

आणि रबाळे, नेकचं मान्य. पण नेक चांगला होईपर्यंत बाकी काही शिकायचंच नाही, हा कुठला न्याय?

उपवनी:
मला गिटारमधलं फार कळत नाही, सतार शिकते. पण मिरज आठवलं. तिथले कारागीर भोपळा पंढरपूरकडच्या शेतकऱ्यांकडून आणतात, तारा विकत घेतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा 'तारा तुमच्या कुठे आहेत' असं कोणी विचारलं नाही. पण जवारी? घोडी घासून सुराला झंकार आणायचं काम मिरजेचा माणूस बाहेर देईल का? मग वादाचा मुद्दा एवढाच उरतो की पिकअप म्हणजे तार की जवारी. मला तरी कोपरीकरांनी केलेल्या वर्णनावरून ती जवारी वाटते.

कोपरीकर:
उपवनीताई, हे मला सुचायला हवं होतं! हेच म्हणतोय मी.

रबाळे रिले:
ताई, दाखला सुरेख आहे पण तो माझ्या बाजूने जातो. जवारी वाद्यावर, तारा चढवून, कानाने लावतात. झिजली की परत काढतात. पिकअप गिटारपासून दूर, टेबलावर तयार होतो. वेढे घालून, साधारण साठ-पासष्ट अंशांच्या पॅराफिन आणि मधमाश्यांच्या मेणात बुडवून काढला की संपलं. आवडला नाही तर 'जरा घासून देतो' म्हणता येत नाही. आणि हे मेण नीट मुरलं नाही तर आतले वेढे थरथरतात आणि मोठ्या आवाजात पिकअप किंचाळतो. जुन्या पद्धतीच्या ब्युटिरेट प्लास्टिकच्या बॉबिन असतील आणि मेण जास्त तापलं, तर बॉबिनच वाकते.

गिटारमधली जवारी दुसरीकडे आहे. पिकअप तारेपासून किती उंच ठेवला, व्हॉल्यूमचं पॉट (बटणाखालचा रेझिस्टन्स) २५० के, म्हणजे किलोओहम, घातलं की ५०० के, टोनला कपॅसिटर कितीचा, केबल किती लांब. यातलं एकेक बदलून तोच विकतचा पिकअप वेगळा बोलतो. हे मात्र मित्राने स्वतःच, कान लावून केलं पाहिजे. आपल्याकडे किती जण करतात? पॉट मिळेल ते, उंची स्क्रू घुसेल तेवढी.

चौथा फ्रेट:
हा प्रतिसाद लिहून भिंतीवर लावावा असा. रच्याकने, 'घरचा पिकअप' या शब्दातच घोळ आहे. मोठ्या कंपन्यांच्या स्वस्त गिटारींमध्ये कंपनीच्या नावाचा पिकअप असतो, पण तो कोरिया, चीन नाहीतर इंडोनेशियातल्या कारखान्यात होतो. डिझाइन यांचं, हात त्यांचे. याला घरचा म्हणायचं की बाहेरचा? मला चालतो. वाइंडिंग कोणी केलं यापेक्षा चुंबक कोणतं, वेढे किती, तार कोणती हे कोणी ठरवलं ते मला महत्त्वाचं.

कोपरीकरांच्या इतिहासाला एक टाचणी. ग्रेच या गिटार कंपनीचं काय? पन्नाशीच्या दशकात त्यांच्या गिटारींवर डीआर्मंड पिकअप होते, ओहायोतल्या टोलेडोच्या रोव इंडस्ट्रीजने बनवलेले. ते गेले आणि फिल्टरट्रॉन आला, तो रे बट्स नावाच्या अँप बनवणाऱ्या बाहेरच्या माणसाचा. म्हणजे ज्या दोन आवाजांमुळे ग्रेच ओळखली जाते, ते दोन्ही आवाज बाहेरून आले. तरी डोळे मिटून ओळखता येतेच.

कोपरीकर:
ग्रेचचा मुद्दा भारी आहे, नाही म्हणत नाही. पण बट्ससारखा माणूस दाराशी येऊन उभा राहायला भाग्य लागतं. वागळे इस्टेटमध्ये कोण येणार? कोरियाचा कॅटलॉग येतो. त्यातून निवडा, किमान इतके नग घ्या, पुढच्या वर्षी तेच मॉडेल मिळेल याची हमी नाही.

नेरूळ फिंगरस्टाइल:
तुम्ही सगळे सॉलिड बॉडीवर भांडताय, अकूस्टिककडे बघा. मार्टिन १८३३ पासून गिटारी बनवते आणि फिशमन या बाहेरच्या कंपनीचे पिकअप बसवताना तिला कमीपणा वाटत नाही. उलट टेलरने २००३ मध्ये एक्स्प्रेशन सिस्टिम नावाची स्वतःची पिकअप व्यवस्था आणली. दोन्ही कंपन्या उत्तम चालतात, म्हणजे हा प्रश्न तत्त्वाचा नाहीच.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. माझ्या एका गिटारमध्ये कंपनीने स्वतःच बनवलेलं पिकअप-प्रीअँप होतं (नाव घेत नाही). पावसाळ्यात ते गेलं. बॉडीला पडलेलं भोक त्यांच्याच मापाचं, कनेक्टर त्यांचेच, सुटा भाग मिळेना. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. शेवटी मी साउंडहोलमध्ये बसणारा विकतचा पिकअप लावला आणि ते चौकोनी भोक आहे तसंच आहे. स्वतःचा पिकअप बनवायचाय? खुशाल बनवा. पण माप सगळ्यांचं ठेवा आणि आत काय आहे ते कागदावर लिहून द्या.

सहावी तार:
नेरूळकर, शंभर टक्के. कोपरीकर, मित्राला ही अट आधी घाला.

आणि 'घरचं ते चांगलं' म्हणणाऱ्यांनी हेही विचारावं की विकतच्या पिकअपचा धंदा उभा राहिला कशामुळे. मोठ्या कंपन्या स्वतःचेच पिकअप बसवत होत्या की! तरी १९७२ मध्ये लॅरी डिमार्झिओ आला, त्याचा सुपर डिस्टॉर्शन आला. १९७६ मध्ये सेमूर डंकन. लोक पदरचे पैसे घालून नव्या गिटारमधले कंपनीचे पिकअप उपटून हे बसवू लागले, कारण ट्यूब अँपला ढकलणारा आवाज त्यांना हवा होता आणि तो कारखान्यातून मिळत नव्हता. ज्याचं पोट फक्त पिकअपवर, तो वाजवणाऱ्याचं ऐकतो.

चौथा फ्रेट:
गंमत म्हणजे त्या डिमार्झिओकडे अमेरिकेत हंबकरच्या दोन्ही क्रीम रंगाच्या बॉबिनचा ट्रेडमार्क आहे. म्हणजे दुसऱ्याने घरी हंबकर बनवला तरी तिथे तो डबल क्रीम विकता येत नाही. रंगसुद्धा विकतच्याचा!

कोपरीकर:
पण तुमच्याच उदाहरणातून माझं म्हणणं निघतंय. डिमार्झिओ आणि डंकन दोघेही आधी गिटार दुरुस्त करणारे, पिकअप उघडून बघणारे. हात घातला म्हणून कळलं. सेथ लव्हर गिब्सन सोडून १९६७ मध्ये फेंडरकडे गेला आणि तिथे त्याने वाइड रेंज हंबकर केला, तो गिब्सनच्या हंबकरची नक्कल नव्हता. ही विद्या कॅटलॉग चाळून येत नाही. मित्राने स्वतः गुंडाळला नाही, तर बाहेरच्याला 'मला अमुक हवा' हे तरी कुठल्या भाषेत सांगेल? 'जरा उबदार, थोडा ब्राइट'?

रबाळे रिले:
हा पहिला मुद्दा ज्यावर मी थांबलो. खरं आहे, आमच्याकडे पिकअपची चौकशी करणारे असेच येतात. 'भाऊ, आठ के चा करून द्या.' आठ के हा रेझिस्टन्स आहे, आवाज नाही. बारीक तारेचे कमी वेढे घातले तरी आठ के दाखवेल. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाने वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. २० अंशांच्या एसी खोलीत ८ के दाखवणारी कॉइल ठाण्याच्या मे महिन्यात, ३५ अंशांना, जवळपास साडेआठ के दाखवते. मग काय, उन्हाळ्यात पिकअप 'हॉट' झाला? इंडक्टन्स विचारा, चुंबक विचारा, वेढे विचारा.

आणि त्या जुन्या पीएएफचं, म्हणजे गिब्सनच्या सुरुवातीच्या हंबकरचं, कौतुक करताना हेही सांगा की त्या काळी गिब्सनमध्ये वेढ्यांची संख्या काटेकोर नसायची, चुंबकही वेगवेगळ्या जातीचे लागायचे. म्हणून काही पिकअप अप्रतिम निघाले आणि काही अगदीच मिळमिळीत. लोक अप्रतिमांच्या गोष्टी सांगतात. आज मित्राने अशी लॉटरी काढली तर गिऱ्हाईक गिटार परत आणून देईल.

उपवनी:
मग त्याने शिकण्यापुरतं गुंडाळावं आणि विकायला विकतचेच लावावेत, असं म्हणताय का तुम्ही?

रबाळे रिले:
हो ताई. लोक मेलेले पिकअप टाकून देतात, ते गोळा करावेत, उघडावेत, परत गुंडाळावेत. नवीन मशीनचे पैसे आत्ताच घालू नयेत. रविवारी आमची शिफ्ट बंद असते, एक जुनं वाइंडर रिकामं आहे, काउंटर चालू आहे. येऊ द्या त्याला. तार त्याची, मेण त्याचं. दोन-चार वेळा तार तुटली की तो स्वतःच कोरियाला ऑर्डर देईल, ही माझी पैज.

कोपरीकर:
पैज घेतली. त्याला निरोप दिलाय, रविवारी दोघंही येतो. आणि तो गुंडाळलेला पहिला पिकअप गिऱ्हाइकाच्याच गिटारमध्ये बसवणार, आवडला नाही तर फुकट बदलून देणार. शिकण्यापुरतं वगैरे मला मान्य नाही. विकायचाच नसेल तर माणूस मन लावून गुंडाळणार कशाला?

सहावी तार:
ते गिऱ्हाईक मी नाही, एवढं आत्ताच लिहून ठेवतो. माझ्या गिटारला ५०० के ची पॉट बदलून द्या म्हणावं, बाकी हात लावू नका.