भाड्याची गाडी घेताना ओरखड्यांचा व्हिडिओ काढता, टायर बघता का?

वांगीभात_७ (धागाकर्ता)
जुलैमधली गोष्ट. गोव्यात मोपा विमानतळावर विमान रात्री पावणेअकराला उतरलं, सोबत बायको, सात वर्षांचा मुलगा आणि चार बॅगा. सेल्फ ड्राइव्ह गाडी बुक केली होती, पार्किंगमध्ये एक पोरगा चावी घेऊन उभा. मोबाइलच्या टॉर्चमध्ये मी काय केलं, तर गाडीभोवती फिरत ओरखड्यांचा व्हिडिओ काढला, एकेक पोचा वेगळा, मागच्या बंपरपाशी तर तोंडाने तारीख-वेळ पण बोललो. पाच हजार डिपॉझिट होतं ना. सही केली, निघालो.

तिसऱ्या दिवशी आंबोलीला गेलो, पाऊस, धबधबा, भजी वगैरे. परत येताना दाणोलीकडे उतरताना अर्ध्या घाटात ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं, म्हणजे पाय खाली जातोय पण गाडी काही ऐकत नाहीये, मागे पोरगा गाणं म्हणतोय आणि माझ्या हाताला घाम. सेकंडला टाकली, हँडब्रेक हळूहळू ओढत एका वळणाच्या अलीकडे कशीबशी थांबवली. खाली उतरलो तर जळका वास, चाकाजवळ हात नेववत नव्हता. तेव्हा पुढचा टायर पहिल्यांदा नीट बघितला, बाहेरून बरा दिसत होता पण आतली कड पूर्ण गोटा, आणि बाजूवर चार आकडे, १४१७. म्हणजे २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यातला टायर! डिकी उघडली तर स्टेपनीत हवा नाही.

माझं म्हणणं एवढंच की गाडी ताब्यात घेताना आपली सगळी हुशारी डिपॉझिट वाचवण्यात जाते. त्या रात्री दहा मिनिटं खाली वाकलो असतो तर टायर आणि स्टेपनी तरी नक्की कळली असती. चूक माझीही आहे असं मी मानतो. बायकोला हे पटत नाही, ती म्हणते पैसे आपण देतो मग तपासायचं पण आपणच का. तुम्हाला काय वाटतं?

पांढरा_कावळा
वहिनींचं बरोबर आहे. दिवसाला दोन-अडीच हजार घेतात ते कशाचे? हॉटेलात जेवायला गेल्यावर मी किचनमध्ये जाऊन कढईतलं तेल बघतो का? लिफ्टमध्ये शिरताना वर जाऊन दोरखंड ओढून बघतो का? गाडी रस्त्यावर चालण्यालायक ठेवणं हे देणाऱ्याचं काम, त्याचाच तर धंदा आहे तो. तुम्ही "चूक माझीही" म्हणालात की त्यांना तेच हवं असतं. उद्या फॉर्मवर एक ओळ वाढेल, "गिऱ्हाईकाने गाडी तपासून घेतली आहे", आणि झालं, सगळे सुटले.

मोपावाला
माझ्या चार गाड्या आहेत भाड्याला, पेडण्यात राहतो, त्यामुळे माझी बाजू पण ऐका. १४१७ चा टायर ठेवणारा माणूस धंद्याला बट्टा लावतो, त्याची बाजू मी घेणार नाही. पण गिऱ्हाईक गाडी कशी वापरतात ते कोणी लिहीत नाही. क्लचवर पाय ठेवून चढ चढवतात, मोरजीच्या वाळूत गाडी घालतात (किनाऱ्यावर गाडी नेणं गुन्हा आहे, तरीही), मग खारं पाणी डिस्कला लागतं आणि चार दिवसांत गंज. गेल्या सीझनला एकाने हँडब्रेक अर्धा ओढलेला ठेवून कळंगुटहून पणजी गाठली, मागचे ब्रेक लायनर जळाले तरी मला म्हणतो गाडीच जड चालते.

आणि धागाकर्त्याला एक विचारतो, राग नको. आंबोली महाराष्ट्रात आहे. गाडी गोव्याबाहेर नेणार हे बुक करताना सांगितलं होतं का? आम्हाला कळलं तर घाटात जाणारी गाडी आम्ही वेगळी काढून देतो.

वांगीभात_७
नाही सांगितलं. हे खरंय.

पांढरा_कावळा
@मोपावाला म्हणजे सपाटीवर चालवायची गाडी वेगळी आणि घाटातली वेगळी? गोव्यात चढउतार नाहीत का हो? गोटा टायर म्हापशाच्या पावसात चालतो असं म्हणायचंय का तुम्हाला?

तिसरा_गिअर
दोघं भांडत बसा, मी ब्रेकबद्दल बोलतो. @वांगीभात, उतरताना गाडी कितव्या गिअरला होती? न्यूट्रलला तर नव्हती? पेट्रोल वाचतं म्हणून घाटात न्यूट्रल करणारे खूप आहेत.

वांगीभात_७
चौथ्या. न्यूट्रल नाही. पण ब्रेकवर पाय सारखा होता हे कबूल.

तिसरा_गिअर
मग दोन्ही गोष्टी मिळून झालंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा नेहमीचा प्रकार) नवीन असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरला की तोच आकडा १५५ च्या आसपास येतो. कंपन्या साधारण दोन वर्षांनी बदला म्हणतात, भाड्याच्या गाडीत इंजिन ऑइल बदलतात आणि हे कोणाच्या लक्षातच नसतं. आता चौथ्या गिअरला सतत ब्रेक दाबत उतरलात की डिस्क तापते, ऑइल उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल मऊ लागतं. गार झाल्यावर पेडल पुन्हा कडक झालं होतं ना? तेच. सेकंडला उतरला असता तर कदाचित त्या जुन्या ऑइलवर पण निभावलं असतं.

हे पार्किंगमध्ये उभं राहून कळत नाही हे मान्य. पण गाडी चालू करून पेडल अर्धा मिनिट दाबून धरायचं, हळूहळू खाली बसत गेलं तर गाडी घ्यायची नाही, चावी परत. आणि टायरच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की नक्षी १.६ मिमी उरली, म्हणजे टायर संपला. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे आतली कड पण दिसते, जमिनीवर लोळायला लागत नाही. पावसाळ्यात वायपर चालवून बघा. बाकी बॉनेट उघडून तोंड गंभीर करून बघण्यात काही अर्थ नाही, आपल्याला त्यातलं ९० टक्के कळत नाही.

जर्सीची_सून
इकडे अमेरिकेत याच वादावर कायदा झालाय म्हणून लिहिते. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात रेचल आणि जॅकलिन हाऊक या दोघी बहिणी भाड्याच्या गाडीत जिवानिशी गेल्या. त्या मॉडेलला पॉवर स्टेअरिंगच्या ऑइलची गळती होऊन आग लागू शकते म्हणून रिकॉलची (दोष सापडला म्हणून गाड्या दुरुस्तीला परत बोलावण्याची) नोटीस आधीच आलेली होती, तरी दुरुस्त न करताच गाडी दिली होती. त्यांच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१५ च्या डिसेंबरात कायदा झाला, २०१६ च्या जूनपासून लागू. ३५ पेक्षा जास्त गाड्या असलेल्या कंपनीने रिकॉलमधली गाडी दुरुस्त केल्याशिवाय भाड्याने द्यायचीच नाही. आता सांगा, त्या मुलींनी पार्किंगमध्ये वाकून काय बघायला हवं होतं? मी पांढऱ्या कावळ्याच्या बाजूने.

पांढरा_कावळा
हेच तर म्हणतोय कधीपासून!

काळा_कोट
थोडं थांबा, आपला कायदा काय म्हणतो ते पण बघा. मोटार वाहन कायदा, कलम १९०. गाडीत धोकादायक दोष आहे आणि तो माहीत होता, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, अशी गाडी चालवणारा आणि चालवायला देणारा, दोघेही दोषी. दंड १५०० रुपये. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली किंवा नुकसान झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० दंड किंवा दोन्ही. उकळलेलं ऑइल साध्या काळजीत येत नाही, पण गोटा टायर नक्की येतो. त्यामुळे कावळेसाहेब, कढईतल्या तेलाची उपमा इथे चालत नाही, हॉटेलात जेवताना तुम्ही इतर कोणाच्या अंगावर जात नाही.

दुसरं म्हणजे नंबरप्लेट. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तरच गाडी भाड्याने चालवायला देण्याची. ओळखीतल्या कोणाची पांढऱ्या पाटीची गाडी हजारात मिळाली म्हणून घेतली आणि अपघात झाला, तर खाजगी विमा हात वर करतो. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की फिटनेस, विमा, पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसतं, रांगेत उभं असताना होतं.

पांढरा_कावळा
फिटनेसचं तर सांगूच नका. आठ वर्षांच्या आतल्या गाडीला दोन वर्षांतून एकदा फिटनेस. त्या दिवशी टायर नवे, दुसऱ्या दिवशी जुने परत. आणि रात्री अकराला लहान पोर झोपलेलं कडेवर, ही गाडी नको म्हटलं तर तो दुसरी देणार आहे का? नाही. टॅक्सी शोधत बसा. "तपासा" म्हणणं सोपं आहे, "नको" म्हणायची सोय कुठे आहे?

मोपावाला
हा मुद्दा मात्र बरोबर. सीझनमध्ये माझ्याकडे पण जास्तीची गाडी नसते. तरी मी पेट्रोल पंपावर नेऊन हवा मारून, स्टेपनी दाखवून देतो, दहापैकी नऊ जण म्हणतात राहू दे, फक्त ओरखडे लिहून घे.

तिसरा_गिअर
@वांगीभात ते डिपॉझिटचं काय झालं शेवटी? मिळालं परत?

वांगीभात_७
मिळालं, पाचशे कापून. मागच्या सीटवर वाळू होती म्हणे. त्याचा व्हिडिओ मी काढला नव्हता.